मुलीचा टीबी बरा झाला, पण घर तेच आहे. खालचा मजला सोडून वर जावं का?

शिलाईवाली

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मानखुर्दच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. तळ अधिक सात मजले, आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, २२५ चौरस फूट. २०१४ पर्यंत रेल्वेच्या रुळाला लागून पत्र्याच्या खोलीत होतो. तिथून उठवलं आणि इथे चावी दिली. चावी हातात घेताना सासूबाई रडल्या होत्या, कारण घरातल्या घरात संडास आणि नळ म्हणजे त्यांच्यासाठी स्वप्नच होतं. त्या दिवसाचा आनंद खोटा नव्हता, हे आधी सांगते.

मागच्या जूनमध्ये माझ्या मुलीला (वय १९, बी. कॉम. दुसरं वर्ष) खोकला लागला. पाऊस सुरू झालाय म्हणून आलं, गवती चहा, काढा चालू होता. संध्याकाळी अंगाला हात लावला की कोमट लागायचं. ब्लाउज ढिले व्हायला लागले. मीच शिवलेले, त्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं. वजन ४६ वरून ४० वर आलं होतं. बेडका तपासला, टीबी निघाला. जुलैपासून जानेवारीपर्यंत एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा ती घाबरून मोरीतून ओरडली होती. औषधाने तसं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता शेवटची तपासणी स्वच्छ आलीय, वजन ४८ आहे.

या सहा महिन्यांत जो भेटला त्याने कारण सांगितलं. नणंद म्हणाली, आजकालच्या मुली जेवत नाहीत. शेजारचे म्हणाले, कॉलेजात बाहेरचं खात असेल. माझ्या मामांनी तर फोनवर विचारलं, घरात स्वच्छता ठेवता ना? मी दिवसातून दोनदा फरशी पुसते. तो प्रश्न अजून टोचतो.

आता घराबद्दल. आमच्या घराला खिडकी म्हणावी अशी एकच. उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी, मध्ये दहा फूट. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजू शकते. खाली हाऊसगल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली चिंचोळी जागा. वरच्या मजल्यांवरून पिशव्या पडतात, कधी आमच्या ग्रिलवर अडकून फुटतात. मासळीचं पाणी, बाळांचे डायपर, काय नाही ते. म्हणून चार वर्षांपूर्वी मिस्टरांनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला प्लायवूड ठोकलं आणि वर प्लॅस्टिक लावलं. मी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते, म्हणजे दिवसाचे दहा तास घरात. दुपारी बारा वाजता सुईत दोरा ओवायला ट्यूबलाइट लागते. कपडे वाळायला तीन दिवस लागतात आणि वाळले तरी कुबट वास जात नाही. पत्र्याच्या खोलीत होते तेव्हा दर उन्हाळ्यात पत्र्यावर साडी पसरून कुरडया, पापड घालायची. इथे आल्यापासून मी एकदाही वाळवण घातलेलं नाही.

मुलीच्या गोळ्या आणायला जायची तेव्हा आमच्या विंगमधल्या ओळखीच्या बायका भेटायच्या. मी मनात मोजायला लागले. माझ्या माहितीत गेल्या तीन वर्षांत सात जणांना टीबी झाला. त्यातले सहा तिसऱ्या मजल्यापर्यंतचे आहेत.

आता सासूबाई खोकतायत, तीन आठवडे झाले. आमच्याच विंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक खोली साडेनऊ हजार भाड्याने मिळतेय. आमची खाली भाड्याने दिली तर आठ येतील. वरचे दीड हजार आणि डिपॉझिट आम्हाला जड आहे, पण जमवू. माझा प्रश्न एवढाच: मजला बदलल्याने खरंच फरक पडतो का, की मी उगाच भिंतींना दोष देतेय?

---

निवृत्त_सेविका

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंना उद्याच्या उद्या न्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडका तपासायचाच. दोन नमुने देतात, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. बेडका खोल छातीतून आलेला हवा, नुसती थुंकी चालत नाही. सोबत छातीचा फोटो. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण साखर वाढलेली असेल तर टीबी लवकर पकडतो.

मी बावीस वर्षं टीबीच्या कामात घरोघर फिरले. तुमच्या मामांच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तो टोचायचा थांबेल. टीबी फरशीवरून होत नाही, ताटा-वाटीतून होत नाही. ज्याला फुप्फुसाचा टीबी आहे आणि औषध सुरू झालेलं नाही, असा माणूस खोकला की जंतू इतक्या बारीक कणांत बाहेर पडतात की ते खाली बसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा बदलली की ते पातळ होतात. हवा बदललीच नाही तर पुढचा माणूस तीच हवा आत घेतो. थेट ऊन त्यांना मारतं. म्हणून तुम्ही फरशी चारदा पुसली असती तरी त्याने काही झालं नसतं. तुमच्या घरात हवा साचून राहते. खोट तिथे आहे, तुमच्या फडक्यात नाही.

याची मोजणी झालेली आहे. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत मोजून पाहिलं होतं, २००७ साली ते छापून आलं. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर खोलीतली हवा ताशी साधारण २८ वेळा बदलत होती. जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत हा आकडा ४० होता आणि नव्या बांधणीच्या वॉर्डांत १७. यंत्राने हवा खेळवायच्या खास खोल्यांसाठी ताशी १२ पुरेसे धरतात. म्हणजे उघडी खिडकी किती मोठं काम करते बघा. आणि तुमच्याकडे तिला प्लायवूड ठोकलेलं आहे.

आता मुलीबद्दल. तिच्यामुळे आजीला झालं, हा विचार घरात शिरू देऊ नका. मद्रासला १९५० च्या दशकात एक मोठा अभ्यास झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषधं दिली. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोका झाल्याचंही दिसलं नाही, कारण संसर्ग व्हायचा तो मुख्यतः औषध सुरू होण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. १९५९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर जगभर टीबीच्या रुग्णांना घरीच औषध द्यायला लागले. तेव्हा बरं व्हायला घर बदलावं लागत नाही. तुमची मुलगी त्याच खोलीत बरी झाली. पण लागण होऊ नये यासाठी घराची हवा मोठी गोष्ट आहे, आणि तुमचा प्रश्न तोच आहे.

नणंदेचं म्हणणंही पूर्ण टाकून देऊ नका, फक्त दोष मुलीला देऊ नका. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने २,८०० रुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांवर अभ्यास केला, २०२३ मध्ये तो आला. ज्या घरांत सगळ्यांना जादा शिधा दिला तिथे घरच्यांमध्ये नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. तुमच्या मुलीचे सगळे हप्ते जमा झाले का ते पासबुकात बघून घ्या.

आणखी एक. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का? ज्यांना टीबी नाही हे नक्की झालंय त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. मागून घ्या, लाजू नका.

---

ओळंबा

ताई, मी इमारतींच्या आराखड्यांचं काम करतो, म्हणून फक्त भिंतींबद्दल बोलतो. तुम्ही उगाच दोष देत नाही आहात.

मुंबईत हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे जे. पी. ऑर नावाचे अधिकारी ट्रस्टचे अध्यक्ष होते. घरांमधला उजेड आणि हवा हा त्यांचा ध्यास होता, १९१२ मध्ये त्यावर त्यांनी व्याख्यानही दिलं. ट्रस्टचा एक साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. ऐकायला अवघड वाटतो, पण अर्थ सोपा आहे: दोन इमारतींमध्ये जेवढी मोकळी जागा, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच नको. म्हणजे खोलीला आकाशाचा तुकडा दिसत राहतो. (ट्रस्टने गरिबांची घरंही भरपूर पाडली, ते वेगळं दुःख आहे. पण हा हिशेब बरोबर होता.)

आता तुमचं घर घ्या. मजल्याची उंची अंदाजे २.९ मीटर धरतो, गच्चीचा कठडा एक मीटर. तळ अधिक सात म्हणजे समोरची भिंत २४ मीटरच्या आसपास. मध्ये दहा फूट, म्हणजे तीन मीटर. नियमाप्रमाणे तुमच्या खिडकीच्या वर समोरची भिंत फार तर सहा मीटर हवी. दुसऱ्या मजल्यावर ती साडेसतरा मीटर आहे, जवळजवळ तिप्पट. तुम्हाला आकाश दिसायला खिडकीबाहेर डोकं काढून मान पूर्ण वर करावी लागत असेल. चौथ्यावर जवळपास बारा, पाचव्यावर जवळपास नऊ. सहाव्यावर ५.९. सहावा मजला त्या जुन्या नियमात जेमतेम बसतो! हे गणित करून मी स्वतः थोडा वेळ गप्प बसलो.

हे असं का झालं, तर झोपडपट्टी पुनर्वसनात मोकळ्या जागेच्या नियमांना सवलती दिल्या. शिवाय योजनेत हेक्टरी किमान ५०० घरं बसवायची अट होती, नव्या नियमावलीत ती ६५० झाली. नीट वाचा: किमान. एरवी दाटी किती होऊ द्यायची याची वरची मर्यादा घालतात. इथे याच्यापेक्षा विरळ बांधू नका असं सांगितलंय.

आणि तुमच्या विंगमधली मोजणीही एकटी नाही. महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या, म्हणजे आपल्या मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींमध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती. पहिल्या दोन ठिकाणी टीबी तिसरीपेक्षा कितीतरी जास्त सापडला, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-हवा पोचत नाही तिथे, जास्त.

तुम्हाला वर जाणं जमत नसेल तोवर दोन गोष्टी. प्लायवूड आजच काढा. आणि दुपारी एक-दोन तास घराचं दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी ठेवा. एकाच बाजूने हवा खेळत नाही, तिला आत यायला आणि बाहेर जायला वेगळी वाट लागते. समोरच्या सोसायटीशी बोलून त्यांची तुमच्याकडची भिंत पांढऱ्या चुन्याने रंगवून घेता आली तर उजेडातही फरक पडेल.

---

सातवा_मजला

शिलाईवाली ताई, मी तुमच्यासारख्याच एका वसाहतीत सातव्यावर राहतो. हवा आहे, ऊन आहे, आई गच्चीवर लोणच्याच्या कैऱ्या वाळवते. पण जाण्याआधी लिफ्ट बघा. आमची मागच्या वर्षी आठ महिने बंद होती. देखभालीच्या पैशावरून सोसायटीत भांडण होतं. आईचे गुडघे गेलेले आहेत. त्या आठ महिन्यांत ती फक्त तीन वेळा खाली उतरली, त्यातले दोनदा दवाखान्यात. आधी रोज संध्याकाळी खाली कट्ट्यावर बायकांत बसायची, देवळापर्यंत चालायची. ते बंद झालं. साखर १६० ची २४० झाली आणि बोलणंही कमी झालं. डॉक्टर म्हणाले चाला. कुठे चालणार, २२५ फुटांत?

तुमच्या सासूबाईंना जिने झेपतात का, हे पैशांच्या आधी बघा. सहावा म्हणजे शंभराच्या आसपास पायऱ्या.

---

बकुळ

आमच्या चेंबूरकडच्या सोसायटीत हाऊसगल्लीचं काम आम्ही बायकांनी धरलं होतं. आधी भांडून बघितलं, पण कोण टाकतं ते कोणी कबूल करत नाही. मग कळलं की वरच्या मजल्यांवरच्या लोकांना कचऱ्याची बालदी घेऊन खाली यायला लिफ्ट नाही आणि गाडी येते सकाळी साडेसातला, तेव्हा निम्म्या बायका कामाला गेलेल्या असतात. आम्ही घरटी तीस रुपये काढून एक मुलगा लावला. तो दारात येऊन कचरा घेतो. दोन महिन्यांत गल्लीत पिशव्या पडणं जवळपास थांबलं. तोपर्यंत पहिल्या मजल्याच्या वर आडवी जाळी लावली होती. ती अजून आहे, पण आता तिच्यावर पानंच पडतात.

ताई, खिडकी बंद का झाली हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्लायवूड काढलंत आणि पिशव्या येत राहिल्या तर आठ दिवसांत परत ठोकाल.

---

शिलाईवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे उत्तर देता आलं नाही, धावपळ होती.

सासूबाईंचे दोन्ही नमुने निगेटिव्ह आले, फोटोही ठीक आहे. दम्याचा त्रास निघाला. ओल आणि बुरशीने वाढतो म्हणाले. पंप दिलाय. टीबी नाही म्हटल्यावर मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. तेव्हा मला कळलं की ती इतके दिवस स्वतःला दोष देत होती. सेविका ताई, तुमचं मद्रासच्या अभ्यासाचं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते मोबाइलमध्ये जपून ठेवलंय. आम्हा तिघांच्या तपासण्या झाल्या, प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू होतायत. पासबुक बघितलं, दोन हप्ते आलेलेच नाहीत, त्याचा अर्ज दिलाय.

प्लायवूड त्याच रविवारी काढलं. स्क्रू गंजले होते, मिस्टरांनी पान्याने तोडून काढले. फळी उलटी केली तर मागची बाजू पूर्ण काळी होती, मखमलीसारखी. बोट लावलं की बुरशी बोटाला लागायची. त्याच्या आत दीड हातावर मुलीची उशी असते. चार वर्षं ती तिथे डोकं ठेवून झोपली. मी ती फळी खाली नेऊन टाकली आणि उशीही टाकली.

ओळंबा दादा, खिडकीतून मान वर करून बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, वितीएवढी आकाशाची पट्टी दिसते.

मग दुपारी सहाव्या मजल्यावरची खोली बघायला गेलो. तीच मापं, तीच मोरी, ओटाही त्याच जागी. पण मी खिडकीपाशी उभी राहिले आणि हातातल्या ब्लाउजची उसवलेली शिवण दिव्याशिवाय दिसली. कोणत्या रंगाचा दोरा आहे तेही दिसलं. मी बऱ्याच वेळाने मिस्टरांकडे बघितलं, तर ते सासूबाईंना खाली बसायला स्टूल शोधत होते. सातवा मजला दादा, तुमच्या म्हणण्यावरून त्यांना आम्ही मुद्दाम जिन्याने नेलं होतं. चौथ्यावर थांबल्या, पाचव्यावर बसल्या, पंप घेतला. वर पोचल्यावर खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "इथून रूळ दिसतात गं." आमची जुनी खोली होती त्या बाजूचे. लिफ्ट सध्या चालू आहे. सेक्रेटरीला विचारलं, देखभालीची थकबाकी किती ते लिहून द्या. अजून दिलेलं नाही. ते मिळाल्याशिवाय डिपॉझिट देणार नाही.

एक गोष्ट मात्र मला सुचत नाहीये. आमची खालची खोली भाड्याने दिली तरच वरचं परवडतं. एजंटने परवा एक जोडपं आणलं होतं, बाळ दोन महिन्यांचं. मी त्यांना सगळं सांगितलं. मुलीचा टीबी सांगितला, खिडकी दाखवली, भिंतीची ओल दाखवली. एजंट चिडून खाली निघून गेला. ती मुलगी बाळाला थोपटत म्हणाली, "काकू, आत्ता जिथे राहतो तिथे खिडकीच नाही." तिला माझी खोली हवी आहे. आठ हजार द्यायला तयार आहेत, मी सात सांगितले तर लगेच हो म्हणाली.

मी त्यांना महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. तेवढ्यात ओलीची भिंत खरवडून घेते, मोरीच्या पाइपची गळती बुजवून घेते. बकुळ ताई, तुमच्यासारखी जाळी आमच्याकडे पहिल्या मजल्याच्या वर लावायची म्हणून मी विंगमधल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या, सहाव्या आणि सातव्यावरच्यासुद्धा. जाळीला खर्च किती आला होता आणि भिंतीत कशी पक्की केली होती, ते सांगाल का? आमच्याकडे माप घ्यायला माणूस शनिवारी येतोय.